काळी एकमधली रात्र : आर्थर रुबिनस्टाइन यांनी वाजवलेली शोपँची नॉक्टर्न

फ्रेडरिक शोपँ या पोलिश संगीतकाराची १९ नॉक्टर्न, म्हणजे पियानोसाठीच्या लहान स्वतंत्र रचना, आर्थर रुबिनस्टाइन यांनी वाजवली आहेत. त्या ध्वनिमुद्रणाचा दोन सीडींचा संच माझ्याकडे येऊन आता सव्वा वर्ष होत आले. त्याविषयी लिहिण्यास मी मुद्दाम उशीर केला, कारण या संगीताचा पहिला परिणाम इतका गडद असतो की त्या भरात मांडलेले मत पुढे स्वतःलाच पटेनासे होते. मी सांगलीत गेली सव्वीस वर्षे हार्मोनियमच्या शिकवण्या घेते. पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण माझे झालेले नाही. हे परीक्षण ख्याल, नाट्यपद आणि भावगीत यांवर वाढलेल्या कानाने केलेले आहे, हे वाचकांनी आरंभीच लक्षात घ्यावे.

या वादकाची आणि या संगीताची ओळख मात्र मला लहानपणापासूनची आहे. आमच्या गावभागातल्या घरी वडिलांनी मुंबईहून आणलेली एक कॅसेट होती आणि तिच्यावर रुबिनस्टाइन यांनी वाजवलेली पाच-सहा नॉक्टर्न होती. रात्रीची जेवणे आटोपली, मागच्या दाराला कडी लागली, की वडील ती लावत आणि दिवा मालवत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी माळ्याला टेकले, त्यात पेटी, तबल्याची जोडी, वह्या आणि ती कॅसेट, सारेच भिजले. पेटी कारागिराने पुन्हा उभी केली. कॅसेटची फीत चिखलाने आतल्या आत चिकटून गेली होती. आम्ही पुढे विश्रामबागेत राहायला आलो, आणि कॅसेटवर जे अर्धेमुर्धे ऐकले होते ते एकदा आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावे या इच्छेने मी हा संच मागवला.

रुबिनस्टाइन यांनी नॉक्टर्न तीन वेळा ध्वनिमुद्रित केली : पहिल्यांदा १९३० च्या दशकात लंडनमध्ये, दुसऱ्यांदा १९४९-५० मध्ये, आणि तिसऱ्यांदा १९६५ व १९६७ मध्ये रोम येथील आरसीए इटालियाना स्टुडिओत. हा संच तिसऱ्या खेपेचा आहे. १८८७ साली पोलंडमधील वूच येथे जन्मलेले हे वादक रोमला ध्वनिमुद्रणासाठी बसले तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्या वयात आवाज थकतो, बोटे जड होतात, असा आपला अनुभव असतो. इथे बोटे तर थकलेली नाहीतच, उलट ज्या गोष्टी सिद्ध करून दाखवण्याची गरज उरलेली नाही त्या सगळ्या बाजूला ठेवून वाजवल्यासारखे हे वादन आहे. सगळा संच सलग ऐकला तर जवळजवळ पावणेदोन तास लागतात. सलग ऐकू नये, असे माझे मत आहे; त्याचे कारण पुढे येईल.

नॉक्टर्न म्हणजे रात्रीचे गीत. पियानोच्या लहान स्वतंत्र रचनेसाठी हे नाव प्रथम आयरिश वादक जॉन फील्ड याने वापरले, आणि डाव्या हाताने संथ झुलता ठेका धरून उजव्या हाताने त्यावर गाण्यासारखी चाल खेळवायची, हा साचाही त्याचाच. शोपँने तो साचा घेतला आणि त्यात इतके काही भरले की आज हा शब्द उच्चारला की शोपँचेच नाव समोर येते. १८१० साली वॉर्सॉजवळच्या जेलाझोवा वोला या खेड्यात तो जन्मला. १८३० च्या नोव्हेंबरात त्याने वॉर्सॉ सोडले आणि त्याच महिन्यात तिथे रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला. उठाव चिरडला गेला. शोपँ १८३१ मध्ये पॅरिसला पोहोचला आणि पुन्हा कधीही मायदेशी परतला नाही. १८४९ साली, चाळिशीही न गाठता, तो पॅरिसमध्येच गेला. त्याचा देह तिथल्या पेर लाशेझ दफनभूमीत आहे. हृदय मात्र त्याची बहीण लुडविका हिने वॉर्सॉला नेले, आणि ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात बसवलेले आहे. हे सारे ठाऊक असले की त्याच्या चालींतली हुरहूर अधिक कळते असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. वडिलांची कॅसेट ऐकताना यातले एक अक्षरही मला माहीत नव्हते, तरी ती हुरहूर पोहोचत होती. ती नेमकी कुठून येते, हा प्रश्न मला चरित्रापेक्षा वाद्याकडे घेऊन गेला.

पियानो आणि हार्मोनियम दिसायला सख्खी भावंडे वाटतात, कारण पट्ट्यांची मांडणी दोन्हींत एकच. स्वभावाने ती अगदी उलटी आहेत. हार्मोनियममध्ये भाता चालू आहे तोवर स्वर टिकतो, आणि वादकाच्या मनात असेल तर वाढवताही येतो. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळून लगेच मागे येते, आणि त्या क्षणापासून तो स्वर फक्त विरत जातो. त्याला फुगवता येत नाही, त्यावर मींड काढता येत नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाता येत नाही, आंदोलन देता येत नाही. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागे मींड नसणे हा एक मोठा आक्षेप होता. त्या कसोटीला पियानो तर मुळीच उतरणार नाही. असे असूनही शोपँ आपल्या शिष्यांना ऑपेराचे मोठे गायक ऐकायला सांगे आणि बोटांनी गावे असा आग्रह धरी. जे वाद्य स्वर धरून ठेवू शकत नाही त्याच्याकडून गाणे काढायचे, ही त्याची साधना होती, आणि माझ्या मते नॉक्टर्नमधली सगळी व्याकुळता या ठिकाणी आहे. प्रत्येक स्वर उमटताच निघालेला असतो. रचनाकार त्याला थांबवत नाही. त्याच्या जाण्याची वेळ, त्याची वाट आणि त्याच्या मागे उरणारी आस, एवढेच तो ठरवतो.

ही आस मला शब्दांत सांगितली ती मिरजेच्या एका वृद्ध कारागिरांनी. सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या घराण्यातले ते आहेत. मी त्यांना चाचा म्हणते, माझा तंबोरा त्यांच्याच हातचा आहे. तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला, म्हणजे तारांना झंकार यावा म्हणून घोडी घासून घ्यायला गेले असताना मी त्यांना पहिल्या सीडीवरचे ओपस २७ मधले दुसरे नॉक्टर्न ऐकवले; ओपस म्हणजे संगीतकाराच्या प्रसिद्ध झालेल्या रचनांचा क्रमांक. ते डी फ्लॅट मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या बोलीत काळी एक पट्टीचे. आरंभी डावा हात एकटाच येतो : खाली खर्जाचा षड्ज, आणि त्यावर दूरदूर पसरलेले स्वर, खाली-वर लहरत, कितीतरी वेळ त्याच षड्जाच्या आसपास. मग उजव्या हाताची चाल गंधारावर उतरते आणि हळूहळू खाली येते. चाचांनी डोळे मिटून ते संपेपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “ताई, याने आधी तंबोरा मिळवून घेतलाय, मग गायला बसलाय.” मग त्यांनी विचारले की याला तरफा आहेत का.

तो प्रश्न मला अजून पुरतो आहे. पियानोला तरफेच्या वेगळ्या तारा नसतात, पण उजव्या पायाखालचे पेडल दाबले की सगळ्या तारांवरचे दाबक उचलले जातात, आणि मग एक तार छेडली तरी तिच्याशी जुळणाऱ्या इतर तारा आपोआप मंद बोलू लागतात. सतारीत तरफा जे करतात तेच काम इथे अख्खे वाद्य करते. शोपँची डाव्या हाताची लेखणी या गुणाला धरून चालते. तळाचा स्वर एकदा मारून पेडलने धरायचा, आणि वरचे स्वर अशा अंतरांवर मांडायचे की तळाच्या तारेच्या पोटात जे स्वर आधीच दडलेले असतात ते जागे व्हावेत. वरच्या चालीचा विरत चाललेला स्वर या गुंजनात मिसळतो, म्हणून तो तुटला असे कानाला वाटत नाही. रुबिनस्टाइन यांचा पाय या बाबतीत फार जाणता आहे. पेडल जास्त धरले तर सगळा चिखल होतो, कमी धरले तर चाल उघडी पडते. या नॉक्टर्नमध्ये षड्ज बदलतो त्या त्या क्षणी गुंजन साफ पुसले जाते आणि नवे सुरू होते, आणि तरीही मध्ये फट जाणवत नाही. पुढे चाल दोन आवाजांत जाते, कधी तिसऱ्या तर कधी सहाव्या स्वराचे अंतर राखून, जणू दोन गळे एकमेकांना सांभाळत एकच ओळ गात आहेत. तिथे वरच्या आवाजाला किंचित झुकते माप देऊन खालच्याला त्याच्या सावलीत ठेवणे हे रुबिनस्टाइन यांच्याइतके सहज केलेले मी दुसऱ्या कुणाचे ऐकलेले नाही.

आता लयीविषयी, कारण शोपँच्या वादनात सर्वाधिक गैरसमज तिथेच होतो. रुबातो या इटालियन शब्दाचा अर्थ चोरलेला. लय थोडी चोरायची, एखाद्या स्वरावर रेंगाळायचे आणि मग पुढे भरून काढायचे, असा त्याचा ढोबळ अर्थ. भावनाविवश वादक याचा अर्थ हवे तिथे थांबायचे असा घेतात आणि मग दर दोन मात्रांवर एक उसासा ऐकू येतो. शोपँ शिष्यांना सांगे की डाव्या हाताने लय सांभाळणारा संचालक व्हावे आणि उजव्याने मोकळे गावे. ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. विलंबित एकतालाचा ठेका आपल्या जागी चालत असतो, गायक त्यावर मागे-पुढे रेलतो, आणि समेला दोघे भेटतात. ओपस ९ मधल्या पहिल्या नॉक्टर्नमध्ये हे उघड दिसते. आरंभीच उजव्या हाताचे सहा स्वर एकटे येतात, मग डाव्याचा ठेका लागतो, आणि लगेचच डाव्या हाताच्या ६ स्वरांवर उजव्याचे ११, तर पुढच्या मात्रांत १२ वर २२ स्वर बसवायचे असतात. ते हिशेबाने वाटले तर कसरत होते. रुबिनस्टाइन ते तानेसारखे घेतात : सुरुवातीला पसरून, मध्ये किंचित घाई करून, आणि शेवटी नेमके मात्रेवर उतरून. माझ्या विद्यार्थ्यांना लयीत मोकळे राहणे म्हणजे काय हे समजावण्यासाठी मी हल्ली हाच तुकडा लावते.

ओपस ९ मधले दुसरे नॉक्टर्न बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेले असते, नाव माहीत नसले तरी. १८३२ साली प्रसिद्ध झालेली ही रचना एवढी वाजवली गेली आहे की तिच्याकडे नव्याने पाहणे अवघड झाले आहे. तरीही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. काळी दोनच्या पट्टीत पंचमावरून वरच्या गंधारावर झेप घेणारा हा मुखडा पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी त्याला वेगळी मुरकी, वेगळा खटका, थोडी अधिक नक्षी मिळते. शोपँने काही शिष्यांच्या प्रतींत या जागांसाठी आणखी वेगळ्या हरकती स्वतःच्या हाताने लिहून दिल्या होत्या. म्हणजे छापील कागद हा त्याच्या दृष्टीने शेवटचा शब्द नव्हता, तर बंदिशीसारखा आधार होता, आणि समोरच्या शिष्याचा हात पाहून तालीम बदलत होती. हे वाचले तेव्हा मला पॅरिसमधली ती खोली आपल्या गुरुजींच्या माडीसारखी वाटू लागली. रुबिनस्टाइन या नॉक्टर्नमध्ये नक्षीला नक्षीच ठेवतात, तिचे प्रदर्शन करत नाहीत. शेवटची मोकळी आवर्तने, जिथे ठेका थांबतो आणि उजवा हात एकटाच उंचावर फिरत राहतो, तीसुद्धा ते कुजबुजल्यासारखी संपवतात.

या संचाची ओळख शेजाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांच्या घरच्या मंडळींना करून द्यावी म्हणून गेल्या कोजागिरीला मी गच्चीवर त्यातली पाच नॉक्टर्न ऐकवली. अकरा जण होते. आटीव दूध होईपर्यंतचा वेळ घालवायला काहीतरी, एवढ्याच अपेक्षेने बहुतेक जण बसले होते. पहिल्या रचनेत गप्पा चालू राहिल्या. दुसऱ्या रचनेच्या मध्यावर त्या थांबल्या. संपल्यावर आमच्या शेजारच्या काकू, ज्यांनी जन्मभर फक्त अभंग आणि नाट्यपदे ऐकली, त्या म्हणाल्या, “शब्द असते तर एवढे कळले नसते.” बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मात्र अस्वस्थ झाले, त्यांना हे फार एकाकी वाटले आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. मला दोन्ही मते खरी वाटतात. शोपँने आयुष्यात जेमतेम तीसेक जाहीर मैफली केल्या. मोठ्या सभागृहापेक्षा ओळखीच्या माणसांनी भरलेला दिवाणखाना त्याला रुचे आणि तो वाजवीही फार हळुवार. हे संगीत मूळ एका खोलीचे, मोजक्या माणसांचे आहे. त्याची चाहत सांगणारे श्रोते जगभर एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगतात, की हे माझ्या एकट्यासाठी वाजवले जात आहे असे वाटते. ज्याला त्या एकटेपणात सोबत सापडते त्याला ते प्रिय होते, ज्याला सापडत नाही त्याला ते जड जाते.

संचातल्या सगळ्याच रचना सारख्या तोलाच्या नाहीत. ओपस १५ मधले पहिले, ओपस ३२ मधले दुसरे, ओपस ३७ मधले दुसरे, ही गोड आहेत आणि रुबिनस्टाइन यांनी ती सुरेख वाजवली आहेत. त्यांविषयी अधिक सांगण्यासारखे मला काही सापडलेले नाही. ओपस ३२ मधल्या पहिल्याची गोष्ट निराळी. ती साधी, सौम्य चाल मध्येच वाक्य अर्धवट सोडून थबकते, पुन्हा चालू लागते, पुन्हा थबकते. आणि अगदी शेवटी, सगळे शांतपणे संपणार असे वाटत असताना, खर्जात एक स्वर नगाऱ्यासारखा घुमू लागतो आणि त्यावर चाल सोडून नाटकातल्या स्वगतासारखे तुटक बोल येतात. नाट्यपंढरीत वाढलेल्या माणसाला ही जागा ओळखीची वाटावी : पडदा पडायच्या आधी पात्र एकटेच पुढे येते आणि आतापर्यंत जे बोलले गेले नाही ते बोलते. रुबिनस्टाइन इथे आवाज फार चढवत नाहीत, फक्त स्वरांमधली शांतता लांबवतात, आणि अंगावर काटा येतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ओपस ४८ मधले पहिले, सी मायनरमधले, हे सगळ्या नॉक्टर्नमध्ये सर्वांत भव्य. शवयात्रेच्या पावलांसारखा त्याचा आरंभ, मध्ये प्रार्थनेसारखे संथ, भरघोस स्वरसमूह, त्या प्रार्थनेखालून दोन्ही हातांच्या सप्तकांचे उसळत येणारे वादळ, आणि मग तीच पहिली चाल दुप्पट गतीच्या धडधडत्या साथीवर परत येते. हे परत येणे माझ्या मते शोपँच्या सगळ्या लेखनातली सर्वांत धीट जागा आहे, कारण आरंभी जो शोक सोसलेला होता तोच आता सोसवेनासा झालेला असतो. रुबिनस्टाइन यांचा आरंभ आणि प्रार्थना अप्रतिम आहेत, पण वादळाला ते फार सभ्यतेने आवरतात, आणि शेवटच्या भागात ज्या असह्यतेची वाट पाहावी ती पुरती येत नाही. संयम हा या वादनाचा मोठा गुण आहे; या एका ठिकाणी तो आड येतो.

दुसरी उणीव संचाच्या व्याप्तीची. शोपँच्या हयातीत प्रसिद्ध झालेली १८ नॉक्टर्न आणि त्याच्या मृत्यूनंतर १८५५ मध्ये त्याचा मित्र युलियन फोंटाना याने छापलेले ई मायनरमधले ओपस ७२, अशी १९ इथे आहेत. सी शार्प मायनरमधली ती प्रसिद्ध रचना, जी शोपँने १८३० मध्ये बहीण लुडविकासाठी लिहिली आणि जी १८७५ मध्ये छापली गेली, ती या संचात नाही. शोपँने तिला नॉक्टर्न असे नाव दिलेले नव्हते, त्यामुळे ती वगळणे चूक म्हणता येत नाही. तरी आज पुष्कळ श्रोते याच रचनेच्या ओढीने शोपँकडे येतात. २३ सप्टेंबर १९३९ रोजी वॉर्सॉवर तोफा डागल्या जात असताना पियानोवादक व्वादिस्वाव श्पिलमान यांनी पोलिश रेडिओवरून हीच रचना वाजवली होती. ज्यांना तीच हवी आहे त्यांनी पोर्तुगीज वादिका मारिया जुआँ पिरेस यांचा संच पाहावा. त्यांनी १९९० च्या दशकात सगळी नॉक्टर्न ध्वनिमुद्रित केली आहेत. पिरेस यांचे वादन अधिक अंतर्मुख आणि अधिक दुखरे आहे. चिलीचे क्लाउडियो अराउ अधिक संथ आणि वजनदार वाजवतात. मला स्वतःला रोज जवळ बाळगावेसे वाटते ते रुबिनस्टाइन यांचेच, कारण ते श्रोत्याला रडायला सांगत नाहीत. चाल जशी आहे तशी नीट, सरळ, उजेडात ठेवतात आणि दुःख असेल तर ते तिच्यातूनच येऊ देतात.

ध्वनीविषयी थोडे. मुद्रण स्टिरिओ आहे आणि वयाच्या मानाने फार चांगले. पियानो जवळ बसल्यासारखा ऐकू येतो, खर्ज भरीव आहे, वरचे स्वर कुठे काचेसारखे टोचत नाहीत. हेडफोन लावला तर शांत जागी फितीची बारीक सळसळ ऐकू येते, पण ती दोन मिनिटांत कानाआड होते. मोबाइलच्या स्वतःच्या छोट्या स्पीकरवर मात्र हे ऐकू नये. डाव्या हाताचा खर्ज त्यातून येतच नाही, आणि खर्ज गेला की ज्या गुंजनावर सगळी इमारत उभी आहे तेच जाते. उरते ती एक गोड, पातळ धून, आणि मग लोक म्हणतात की शोपँ म्हणजे हॉटेलात वाजणारे मंद संगीत. हेच मुद्रण मोबाइलवरील संगीताच्या अॅपवरही मिळते, त्यामुळे सीडी घेण्याआधी चांगल्या स्पीकरवर ते ऐकून ठरवता येईल. सीडी मागवणाऱ्यांना एक सूचना : मला पहिल्यांदा आलेल्या पार्सलमधला खोका तडकलेला आणि दुसरी तबकडी ओरखडलेली होती, आणि ती बदलून मिळायला दीड महिना गेला. पार्सल उघडताच दोन्ही तबकड्या शेवटच्या रचनेपर्यंत वाजवून पाहाव्यात.

सलग ऐकू नये असे मी वर म्हटले, त्याचे कारण हे की एकोणीसही रचना रात्रीच्या आहेत आणि एकापाठोपाठ एक ऐकल्या तर त्यांच्यातले फरक पुसले जातात. एका रात्री दोन पुरेत. ऊस हंगामात आमच्या रस्त्यावरून गाणी लावलेले ट्रॅक्टर उशिरापर्यंत जात असतात, त्यामुळे मला अकरानंतरच बसावे लागते. तो उशीर मला आता आवडू लागला आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी ओपस २७ मधल्या दुसऱ्यापासून सुरुवात करावी, मग ओपस ९ मधल्या पहिल्याकडे यावे, आणि १८४६ मध्ये प्रसिद्ध झालेली ओपस ६२ ची दोन नॉक्टर्न अगदी शेवटी ठेवावीत. त्यांतल्या पहिल्यात आरंभीची चाल जेव्हा परत येते तेव्हा तिचा जवळजवळ प्रत्येक स्वर कंपनात गुंडाळलेला असतो. पियानोवर स्वर टिकत नाही म्हणून शोपँने तो सतत थरथरत ठेवला आहे. हार्मोनियमवर ज्याला काही किंमत मोजावी लागत नाही ते टिकून राहणे इथे किती कष्टाने मिळवले आहे हे त्या जागी कळते. रुबिनस्टाइन ती कंपने इतकी हलकी घेतात की स्वर बोटांनी वाजवले गेलेत असे वाटतच नाही.

तंबोरा घेऊन मी मिरजेहून परतत असताना चाचांनी तो संच आठ दिवसांसाठी ठेवून घेतला होता. आठाचे पंधरा दिवस झाले. मी आणायला गेले तेव्हा दुसरी तबकडी अजून तिच्या पाकिटातच होती. त्यांनी पहिलीवरचे ते एकच, काळी एकमधले, रोज सकाळी जवारी घासायला बसण्याआधी लावले होते, आणि संच परत देताना विचारले की नुसते तेवढे एक गाणे कशावर तरी भरून मिळेल का.